चित्रपुस्तकं आणि लहान मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांना पुस्तकं वाचून दाखवण्याचं काम मी करते. शनिवारचा तास संपला की आई-बाबा, आजी-आजोबा, बालवाडीच्या ताई थांबून काहीबाही विचारतात, राहिलेलं रात्री व्हॉट्सॲपवर येतं. बरेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून ते एका ठिकाणी आणले आहेत. सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. चित्रपुस्तक म्हणजे नेमकं काय? चित्रं असलेलं कुठलंही पुस्तक चित्रपुस्तकच ना?

नाही. सचित्र पुस्तकात गोष्ट शब्दांतच पूर्ण असते, चित्रं सोबतीला येतात. ती काढून टाकली तरी काही अडत नाही. चित्रपुस्तकात मात्र गोष्टीचा मोठा हिस्सा चित्रात असतो, आणि कधी तर शब्दांना त्याचा पत्ताच नसतो. पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' (१९६८) हे याचं ठळक उदाहरण. एक कोंबडी फेरफटका मारायला निघते आणि जेवायच्या वेळेला परत येते, एवढंच शब्द सांगतात. चित्रात पहिल्यापासून तिच्या मागे कोल्हा लागलेला आहे. त्याचा पाय दाताळ्यावर पडतो आणि दांडा तोंडावर बसतो, मग तो तळ्यात पडतो. आणि 'कोल्हा' हा शब्द पुस्तकात एकदाही येत नाही!

घरातलं पुस्तक कुठल्या प्रकारचं आहे ते असं तपासा : आधी मजकूर झाकून चित्रं बघा, मग चित्रं झाकून मजकूर वाचा. शब्दांतूनच सगळी गोष्ट हाती लागली, तर ते सचित्र पुस्तक. त्यात वाईट काही नाही, फक्त ते वाचून दाखवण्याची रीत वेगळी.

२. किती महिन्यांपासून पुस्तक दाखवावं?

मान धरायला लागण्याआधीही दाखवता येतं. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे मांडीवरून आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढं. फिके रंग त्या वयात नीट उमटत नाहीत. काळ्या-पांढऱ्या ठसठशीत आकृती मात्र दिसतात, म्हणून अगदी तान्ह्या बाळांच्या पुस्तकांत त्या असतात.

नऊ महिन्यांच्या आसपास एक गंमत घडते. मूल चित्रातला चेंडू उचलू बघतं, कागद नखांनी खरवडतं, पानावर थापट्या मारतं. ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या बाळांत पाहिलं. दोन्हीकडे तेच. दीड वर्ष उलटलं की तेच मूल उचलायचं सोडून बोट दाखवायला लागतं. चित्र म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूबद्दल काही सांगणारी खूण आहे, हे त्याला उमगलेलं असतं. पुढचं सगळं वाचन याच समजुतीवर उभं राहतं, कारण अक्षर हीही खूणच.

३. पुस्तक फाडतो, तोंडात घालतो. देऊ का?

द्या. जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तकं त्यासाठीच असतात. पातळ कागदाची तुमच्या हातात राहू द्या. आणि फाटलेलं पान मुलासमोर बसून चिकटवा. त्याला चिकटपट्टीचा तुकडा धरू द्या.

४. माझी मुलगी नुसती चित्रं बघते. अक्षरांकडे ढुंकूनही बघत नाही. काही बिघडलंय का?

काहीही बिघडलेलं नाही. मेरी ॲन इव्हान्स आणि झाँ सेंट-ओबाँ यांनी २००५ साली कॅनडात अजून शाळेच्या वयाला न पोचलेल्या मुलांच्या नजरेचा माग घेतला. मोठं माणूस वाचून दाखवत असताना मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, मजकुरावर अगदी क्वचित. अक्षरं ठळक केली, त्यांची मांडणी बदलली, तरी फारसा फरक पडला नाही.

मला यात काळजीचं काही दिसत नाही. तुमचा आवाज कानावर पडत असताना तिचे डोळे त्या शब्दांचा अर्थ चित्रात शोधत असतात. 'घंगाळ' हा शब्द ऐकला आणि चित्रात न्हाणीघर दिसलं, की ती स्वतःच जोडणी करते. अक्षरांची वेळ पुढे येते आणि ती वेगळ्या रीतीने येते (प्रश्न ११ पाहा).

५. चित्रात असं काय असतं, की मूल त्यात ओढलं जातं? आम्हाला तर ते साधंच दिसतं.

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. याचं उत्तर जरा लांबेल.

एका पुस्तकात स्वयंपाकघराचं चित्र होतं. मजकूर आजीबद्दल होता, ती भाकरी थापतेय एवढाच. चार वर्षांची एक मुलगी उठून आली आणि तिने पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ओट्याखालच्या अंधारात करड्या रंगाची एक शेपटी होती, जेमतेम नखाएवढी. ते पुस्तक मी वीसेक वेळा तरी वाचून दाखवलं असेल, पण शेपटी मला कधी दिसली नव्हती. पुढच्या पानावर दूध सांडलेलं असतं. तिला ते आधीच माहीत होतं! आजीला माहीत नाही, वाचणाऱ्या ताईला माहीत नाही, पण मला माहीत आहे, हा जो भाव त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर होता, त्याच्यासाठी मूल पुस्तकाकडे परत परत येतं. घरात, शाळेत, रस्त्यावर सगळीकडे मोठ्यांना जास्त माहीत असतं. चित्रपुस्तकाच्या पानावर हे उलटं होतं. चांगला चित्रकार ही जागा मुलासाठी राखून ठेवतो.

दुसरी गोष्ट नजरेची. चित्र कुणाच्या उंचीवरून काढलंय ते बघा. टेबलाची खालची बाजू दिसते का? मोठ्या माणसांचे गुडघे, साडीचा काठ, बाबांच्या चपला दिसतात का? तसं असेल तर चित्रकार मुलाच्या उंचीवर बसलेला आहे. मूल हे शब्दांत सांगू शकत नाही, पण त्याला ही जागा ओळखीची वाटते.

तिसरी आकाराची. मॉरिस सेंडॅक यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) मध्ये सुरुवातीचं चित्र लहान असतं, भोवती बरीच पांढरी जागा. मुलाच्या खोलीत रान उगवायला लागतं तसतसं चित्र वाढतं, पान व्यापतं, शिवण ओलांडून समोरच्या पानावर जातं. धिंगाणा सुरू झाला की तीन जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) नुसती चित्रंच, एकही शब्द नाही. आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही, थोडेसे शब्द. हे सगळं ऐकणाऱ्या मुलाला कुणी समजावत नाही. त्याचा श्वास मात्र त्या पानांबरोबर मोठा होतो आणि शांत होतो. शेजारी बसून ऐका, खरंच ऐकू येतो.

चौथी गोष्ट दिशेची. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून निघालेलं पात्र बहुधा उजवीकडे तोंड करून असतं आणि घरी परतणारं डावीकडे. उर्दू पुस्तकात हे उलटं असतं. उजव्या पानाच्या कडेला एखादा पाय, टोपीचं टोक, पळणाऱ्या उंदराची शेपूट दिसली, की हात आपोआप पान उलटायला जातो.

६. मग ती पान उलटूच का देत नाही? किंवा एकदम चार पानं पुढे का जाते?

उलटू देत नाही तेव्हा तिचं बघणं संपलेलं नसतं. आपलं वाचन दोन ओळींत संपतं, तिचं चित्र संपायला वेळ लागतो. थांबा. पुढे उडी मारते तेव्हा बहुतेक वेळा तिला एक ठरावीक चित्र गाठायचं असतं. आधी तिथे जा, ते बघून झालं की मागे या. पान उलटायचं काम शक्यतो मुलाकडे द्या. ठरावीक वेगाने उलटलं पाहिजे असा काही नियम नाही.

७. रोज तेच पुस्तक. मी कंटाळले. नवीन आणू?

आणा, पण जुनं काढून घेऊ नका. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांच्या दोन गटांना नवे शब्द असलेल्या गोष्टी वाचून दाखवल्या. एका गटाला त्याच गोष्टी पुन्हा, दुसऱ्याला वेगवेगळ्या. दोन्ही गटांच्या कानावर नवे शब्द सारख्याच वेळा पडले, पण ते लक्षात राहिले त्याच गोष्टी ऐकणाऱ्यांच्या. याचं कारण मला रोज समोर दिसतं : पहिल्यांदा मूल काय घडलं ते बघतं, पाचव्यांदा कोपरे बघतं. प्रश्न ५ मधली शेपटी पहिल्या वाचनात सापडलेली नव्हती.

८. भडक, खूप रंगांची, भरगच्च पुस्तकं मुलांना जास्त आवडतात ना?

दुकानात हात त्यांच्याकडे जातो हे खरं. पण लक्ष टिकतं का, हा वेगळा प्रश्न. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली पहिली-दुसरीतल्या मुलांना दोन तऱ्हेची पानं वाचायला दिली : एकात छापलेलं मूळ चित्र, दुसऱ्यात गोष्टीशी संबंध नसलेले तपशील काढून टाकलेलं चित्र. दुसऱ्या तऱ्हेच्या पानावर मुलांची नजर मजकुरावरून कमी वेळा भरकटली आणि गोष्ट जास्त समजली.

मात्र ही मुलं स्वतः वाचायला शिकत होती. तीन वर्षांच्या मुलाला तुम्ही वाचून दाखवताय तेव्हा हिशोब बदलतो. जत्रेचं किंवा एसटी स्टँडचं गच्च भरलेलं जोडपान, जिथे शोधणं हीच गोष्ट आहे, त्यात अर्धा तास सहज जातो. खटकतात ते उगाच पेरलेले तारे, फुगे, फुलपाखरं. गोष्ट विहिरीची आणि कोपऱ्यात इंद्रधनुष्य कशाला? मुलं ते बघतात, त्यातून काही निघत नाही, आणि हळूहळू कोपरे बघायचंच सोडतात.

९. झडपा उघडणारी, आवाज करणारी, त्रिमितीय पुस्तकं?

मजेला उत्तम. नवीन शब्द किंवा अक्षरं शिकवायला मात्र साधं पान बरं; झडपा-चकत्यांच्या पुस्तकांतून लहान मुलं त्या बाबतीत कमी शिकतात, असं सिंथिया चिआँग आणि डीलोश यांना आढळलं. हातच इतका गुंततो, की डोळे पुढे जात नाहीत.

अपवाद सांगते. जिथे कागदाची करामत गोष्टीतूनच येते, तिथे हे लागू करू नका. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'मध्ये सुरवंटाने फळं खाल्ली म्हणून पानांना भोकं आहेत. मूल त्यात करंगळी घालतं आणि सुरवंटाचा रस्ता बोटाने चालतं. तिथे भोक हेच वाक्य आहे.

१०. वाचून दाखवताना बोट कुठे ठेवू? काय विचारू?

आधी गप्प राहायला शिका, हे मी सगळ्यांना सांगते आणि मलाही ते अजून जमवावं लागतं. पान उघडलं की मनात पाचपर्यंत मोजा, मग वाचा. त्या पाच आकड्यांत मूल चित्राचा पहिला फेरफटका मारून येतं.

समोरासमोरच्या दोन्ही पानांवर मोठी चित्रं असतील तर लहान मुलाला कळत नाही, की तुम्ही कुठल्या चित्राबद्दल वाचताय. वाचण्याआधी त्या पानावरून तळवा एकदा फिरवा. एवढ्याने अडचण जाते. झो फ्लॅक आणि हॉर्स्ट यांनी २०१७ साली हे तपासून पाहिलं.

प्रश्न विचाराल तर ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा विचारा. 'हा कोण? हत्ती. रंग कुठला? राखाडी' ही तोंडी परीक्षा झाली. 'हा असा का बसलाय?' हा प्रश्न झाला. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असे मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायला शिकवलं, तर महिन्याभरातच मुलांच्या बोलण्यात फरक दिसला.

११. पहिलीतला मुलगा चित्र बघून शब्द ठोकून देतो. चित्रात घोडा असला की 'अश्व' लिहिलेलं असलं तरी 'घोडा'च वाचतो. चित्रं झाकू का?

इथे दोन कामं वेगळी करा. अक्षर जुळवून वाचायचा सराव करायचा तेव्हा दहा मिनिटं साध्या, कमी चित्रांच्या मजकुरावर करा. तिथे अंदाजाला वाव ठेवू नका. अंदाजाने वाचायची सवय दुसरी-तिसरीत महागात पडते. चित्रपुस्तक मात्र त्या कामाला जुंपू नका. ते रात्री तुम्ही वाचा आणि त्याने बघावं.

त्याने 'घोडा' म्हटलं याचा अर्थ गोष्ट त्याला कळली आहे. ही अर्धी बाजी आहे, ती हरवू नका.

१२. चित्रं दिली की कल्पनाशक्ती मरते, असं माझे सासरे म्हणतात.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते तोंडी गोष्टींच्या बाबतीत. चित्राशिवाय सांगितलेल्या गोष्टीत राक्षस प्रत्येकाचा आपापला असतो, म्हणून त्या गोष्टीही रोज सांगा. आजोबांनीच सांगाव्यात.

पण चांगलं चित्र सगळं दाखवत नाही. दार अर्धं उघडं ठेवतं. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्याला समुद्राची कल्पना करायला आधी काहीतरी डोळ्यांसमोर लागतं. आणि चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याला परकंही नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथी सादर करतात. कागदावर रंगवलेली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी. एकेक चित्र समोर धरायचं आणि गात गात कथा सांगायची. युरोपात कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञांनी १६५८ साली मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक छापलं, ते तिकडच्या मुलांच्या सचित्र पुस्तकांचं मूळ मानतात. त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे घालून तेच आकडे शब्दांपाशी दिले होते. पिंगुळीच्या चित्रांवर आकडे नसतात, तिथे सांगणाऱ्याचा आवाजच वाट दाखवतो. मला शनिवारी मुलांसमोर पुस्तक धरताना पिंगुळीची रीत जवळची वाटते.

१३. शब्दच नसलेलं पुस्तक कसं वाचू?

तुम्ही वाचू नका, मुलाला वाचून दाखवायला सांगा. ज्या घरात मोठ्यांना वाचता येत नाही, तिथे तर ही पुस्तकं सोन्यासारखी. आजी आणि नात एकाच पातळीवर बसतात.

१४. एका चित्राला घाबरते. पुस्तक लपवून ठेवू?

रात्रीची झोप उडत असेल तर काही दिवस बाजूला ठेवा. पण एवढ्यावर सोडू नका. 'चांदोबा'तली विक्रम-वेताळाची चित्रं आठवतात? हातात तलवार, खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून निघालेला राजा. 'शंकर' या नावाने चित्रं काढणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचं ते चित्र बघून आमची अख्खी पिढी घाबरली आणि दर महिन्याला तेच पान आधी उघडत आली. पुस्तकातल्या भीतीवर मुलाचा ताबा असतो : पान मिटता येतं. मुलीला स्वतः मिटू द्या, स्वतः उघडू द्या. काहीजण त्या पानाला क्लिप लावतात आणि एक दिवस स्वतःच काढतात.

प्रत्यक्षात घडलेल्या एखाद्या प्रसंगाशी चित्राचा संबंध असेल, अपघात, घरातलं आजारपण, तर मात्र हे लागू नाही. तिथे मुलाशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकांशीही.

१५. मोबाइलवर फुकट पुस्तकं मिळतात. ती चालतील?

प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही तिथे याचं मोल फार मोठं. अडचण पडद्याच्या आकाराची. जोडपान मोबाइलवर काडेपेटीएवढं होतं आणि प्रश्न ५ मधली शेपटी दिसेनाशी होते. मोबाइल आडवा धरा, शक्य असेल तर टॅबलेट किंवा टीव्ही वापरा. काळ्या-पांढऱ्या छापील प्रती काढणार असाल तर आधी एकच पान छापून बघा. लाल आणि हिरवा दोन्ही बरेचदा एकाच करड्यात जातात.

१६. आम्ही परदेशात राहतो. मुलांना मराठी वाचता येत नाही, थोडं समजतं. उपयोग आहे?

खूप. चित्र तुमच्या बाजूने काम करतं : शब्द कळला नाही तरी गोष्ट सुटत नाही. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रं काढतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची पुस्तकं यासाठी मी नेहमी सुचवते. त्यातली घरं, माणसांची बसण्याची ढब, सगळं आपलं असतं, ते वेगळं समजावावं लागत नाही. तूलिका, एकलव्य, नॅशनल बुक ट्रस्ट यांचीही मराठी पुस्तकं बघा. इंग्रजी पुस्तक हाती असलं तरी मजकूर बाजूला ठेवून चित्रावर मराठीत बोला.

१७. मुलाला काही रंग ओळखता येत नाहीत. नीट दिसत नसेल तर काय?

लाल-हिरव्यात गोंधळ असेल (मुलग्यांत हे जास्त आढळतं), तर रंगापेक्षा रेषा आणि उजेड-अंधार ज्यात स्पष्ट आहेत अशी चित्रं निवडा. 'लाल टोपी कुठे?' असं विचारू नका, 'टोपी घातलेला कुठे?' असं विचारा. अगदीच दिसत नसेल तर स्पर्शाची पुस्तकं असतात, आणि ती घरी करता येतात : पोत्याचा तुकडा, सुतळी, बटण, काचकागद. मात्र डोळ्यांना दिसणारा आकार बोटांना कळतोच असं नाही. सुतळीने काढलेली हत्तीची बाह्यरेषा हाताला हत्ती वाटत नाही, खरखरीत सोंडेचा तुकडा वाटतो.

१८. तिसरीत गेला. आता चित्रांची पुस्तकं बंद करू?

नका करू. सातवी-आठवीतली मुलंही गुंततील अशी चित्रपुस्तकं आहेत. शाळेच्या पुस्तकातले नकाशे, आकृत्या, तक्ते वाचायला तीच नजर लागते.

१९. मुलगा म्हणतो, पुस्तकात चूक आहे. गोष्टीत तीन आंबे, चित्रात चार. काय सांगू?

त्याच्याबरोबर मोजा. चार निघाले तर चार. कधी चित्रकाराची चूक असते, कधी चौथा आंबा मुद्दाम ठेवलेला असतो आणि पुढच्या पानावर तो कुणाच्या तरी हातात दिसतो. आमच्याकडे अशाच एका मुलाने चौथ्या आंब्याचा तीन आठवडे माग काढला. तो शेवटी मलपृष्ठावर सापडला, नुसती कोय, आणि शेजारी एक मुंगी.